कोर्टाच्या नोटिशीला हप्त्यांची माहिती देणारा एक कागद जोडा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कोर्टातल्या दरखास्तींबद्दलच्या बातम्या गेल्या काही महिन्यांत पेपरात वाचल्या. सुप्रीम कोर्टाने मार्च 2025 मध्ये सांगितलं की पडून राहिलेल्या दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, मग ऑक्टोबरमध्ये आकडा आला की देशात 8 लाख 82 हजारांहून जास्त दरखास्ती पडून आहेत, आणि त्यात सगळ्यात जास्त, 3 लाख 41 हजारांच्या आसपास, आपल्या मुंबई हायकोर्टाच्या हद्दीतल्या. दरखास्त म्हणजे काय ते बऱ्याच जणांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. दावा चालून निकाल लागतो, अमक्याने तमक्याला एवढे पैसे द्यायचे असा हुकूमनामा होतो, आणि ते पैसे प्रत्यक्ष वसूल करायला जो दुसरा अर्ज करावा लागतो ती दरखास्त. ज्यांचे हक्काचे पैसे असे दहा-दहा वर्षं अडकलेत त्यांना ते लवकर मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्या दरखास्तीच्या दुसऱ्या टोकाला पण माणसं असतात, आणि त्यातली बरीचशी बुडवणारी नसतात, त्यांना फक्त एकदम भरता येत नसतं. आम्ही त्यातलेच. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, पण कृपा करून छापा.

आमचे हे फाउंड्रीत कामाला आहेत, हातात 22 हजार येतात. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्याचे सरासरी तीन हजार. 2018 साली ह्यांच्या बरोबरच्या एका मित्राने जुना टेम्पो घ्यायला बँकेतनं कर्ज काढलं आणि हे जामीन राहिले. सही केली तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, बँक आधी त्याच्याकडे जाऊन मगच आपल्याकडे यायला बांधलेली नसते. कोरोनात टेम्पो उभा राहिला, हप्ते थांबले, बँकेने दावा लावला. समन्स आमच्या जुन्या भाड्याच्या पत्त्यावर गेलं, आम्हाला पत्ताच नाही, कोर्टात कुणी हजर नाही म्हणून 2022 मध्ये एकतर्फी निकाल झाला. मित्राचं लग्नकार्य, आजारपण असं काय काय चालू होतं, त्याने पण सांगितलं नाही, लाजेने म्हणा की भीतीने.

2024 च्या पावसाळ्यात दुपारी बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या नोटिसा बजावणारा माणूस, दारात आला. मी मशीनवर होते, साडीला पिको चालू होती, ती तशीच सुईखाली ठेवून उठले. कागदावर ह्यांचं नाव आणि खाली "निर्णीत ऋणको क्रमांक 2", म्हणजे हुकूमनाम्याप्रमाणे ज्याने पैसे द्यायचे तो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या सही करू नका, घेतलीच नाही तर लागू होत नाही. मी सही केली आणि आज वाटतं देवानेच बुद्धी दिली, कारण नोटीस नाकारली तर ती दाराला चिकटवतात, बजावली असंच धरतात आणि पुढचं सगळं आपल्या पाठीमागे होतं. त्या रात्री हे जेवले नाहीत. गल्लीत जो तो वेगळं सांगायचा, एक म्हणे पोलीस येऊन उचलतील, एक म्हणे मंगळसूत्र आणि मशीन घेऊन जातील, एक म्हणे पगार सगळाच्या सगळा कापतील. मुद्दल अडीच लाख, त्यावर 6 टक्क्यांनी दोन वर्षांचं 30 हजार व्याज, कोर्टखर्च 6 हजार, असा 2 लाख 86 हजारांचा तो आकडा होता आणि आमच्या खात्यात त्या दिवशी चार हजार सुद्धा नव्हते.

माझ्या एका गिऱ्हाईक ताईंनी सांगितलं की तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथं फुकट वकील मिळतो. बाईला मिळतो, कारखान्यातल्या कामगाराला मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या, अपंग माणसाला मिळतो, कमी उत्पन्न असेल तर बाकीच्यांनाही मिळतो. 15100 या नंबरवर फोन केला तरी माहिती देतात. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या गल्लीत हे एकालाही माहीत नव्हतं आणि दोन जण तर वकिलाच्या फीसाठी सावकाराकडे गेलेले होते.

आम्हाला ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी पहिल्यांदा आमची भीती घालवली आणि मग हिशोब मांडायला बसवलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 त्यांनी उघडून दाखवलं. घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, बाईचं मंगळसूत्रासारखं धर्माने न उतरवायचं लेणं, कारागिराची हत्यारं, यातलं काही जप्त करता येत नाही. आणि माझं मशीन तर माझं स्वतःचं, नवऱ्याच्या जामिनकीसाठी त्याला हातच लागत नाही. पीएफला हात लावता येत नाही. पगाराचं असं की पहिले हजार रुपये सोडायचे, उरलेल्याचे तीन भाग करायचे आणि त्यातला एकच भाग जप्त होतो. म्हणजे ह्यांच्या 22 हजारातनं हजार गेले, 21 राहिले, त्याचा तिसरा हिस्सा 7 हजार. तो सुद्धा एकाच हुकूमनाम्यासाठी सगळे मिळून 24 महिनेच कापता येतो, त्यानंतर त्या निकालासाठी पगाराला हात लागत नाही. (पोटगीचा निकाल असेल तर हे नियम वेगळे आहेत, ते इथं लागू करू नका.)

जेलचं म्हणाल तर, ज्याच्याकडे पैसे असून जो देत नाही, लपवतो, पळून जायला बघतो त्याच्यासाठी ती तरतूद आहे. खरोखर नाहीत म्हणून देता येत नाहीत त्याला कोर्ट आत टाकू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच कोचीनच्या एका बँकेच्या केसमध्ये, जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या निकालात, स्पष्ट सांगून ठेवलंय. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटक करताच येत नाही. हे ऐकून ह्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यातच डोळे पुसले. चार महिने आधी हे कुणी सांगितलं असतं तर त्यांच्या पोटातलं ॲसिडिटीचं दुखणं तरी एवढं वाढलं नसतं असं मला राहून राहून वाटतं.

पण देणं हे देणंच आहे, ते आम्ही कधी नाकारलं नाही. मी म्हटलं महिन्याला हजार रुपये देऊ. वकीलबाई म्हणाल्या ताई, अडीच लाखावर 6 टक्के म्हणजे वर्षाला 15 हजार, महिन्याला साडेबाराशे, तुमचे हजार तर व्याजालाच पुरत नाहीत, भरलेलं आधी खर्चात आणि व्याजात जातं, दहा वर्षं भरलं तरी मुद्दल जागचं हलायचं नाही. असा हप्ता मागायला गेलात तर समोरचा लगेच नाही म्हणणार आणि ते बरोबरच. मग त्यांनी घरचा खर्च एका कागदावर लिहायला लावला, खरा, फुगवलेला नाही. भाडं साडेचार हजार, किराणा सहा, दूध-गॅस-लाईट तीन, मुलाची फी आणि बसचा पास मिळून अडीच, सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या बाराशे, ह्यांचं पेट्रोल दीड. बेरीज 18,700. दोघांचं मिळून 25 हजार येतात म्हणजे उरतात 6,300. मी म्हटलं मग सहा हजार देऊ की, तर बाई म्हणाल्या नाही, घरात एक ताप आला की तुमचा हप्ता मोडणार, आणि मोडलेला हप्ता हा लहान हप्त्यापेक्षा वाईट. आठशे रुपये हातात ठेवा, साडेपाच हजार बोला.

हे मला फार पटलं. आपल्याकडे माणूस घाबरला की काहीही कबूल करतो, दहा हजार भरतो साहेब, पंधरा भरतो साहेब, आणि दोन महिन्यांनी मोबाईलच्या ॲपवरनं कर्ज काढून तो हप्ता भरतो. कृपा करून असं कुणी करू नका. एका देण्याचं दुसरं देणं करून काहीच फिटत नाही, आमच्या समोरच्या घरात ते होताना मी बघितलंय.

बँकेत गेलो तर शाखेतले म्हणाले एक लाख आधी भरा मग बघू. वकीलबाईंनी तोंडी काही बोलायचं नाही असं बजावलेलं होतं. अर्ज लिहून दिला, सोबत पगाराच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, भाड्याचा करार, औषधांची चिठ्ठी आणि तो खर्चाचा कागद, आणि आमच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. अर्जात त्यांनी एक गोष्ट नम्रपणे लिहिली होती, की आमचा पगार जप्त केलात तर तुम्हाला महिन्याला 7 हजारप्रमाणे 24 महिन्यांत जास्तीत जास्त 1 लाख 68 हजार मिळतील आणि त्यापुढे शेत नाही, घर नाही, जप्त करण्यासारखं काही नाही, त्यापेक्षा आम्ही राजीखुशीने 40 हजार आधी आणि साडेपाच हजाराचे 36 हप्ते, म्हणजे एकूण 2 लाख 38 हजार देतो, पुढचं व्याज थांबवा. हात जोडून रडण्यापेक्षा हा हिशोब जास्त कामाला आला असं मी सांगेन. समोरच्यालाही त्याच्या वरच्या साहेबाला काहीतरी दाखवावं लागतं, ते आपणच त्याच्या हातात द्यायचं.

तरी दोन वेळा नाहीच म्हणाले. मग डिसेंबर 2024 च्या राष्ट्रीय लोकअदालतीत दरखास्त ठेवायला अर्ज केला. लोकअदालत म्हणजे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तडजोड करून देतात ती, ही राष्ट्रीय लोकअदालत वर्षातनं चार वेळा होते, नुसते नवीन दावे नाही तर दरखास्ती पण त्यात घेतात, फी काही नाही. त्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती, टेबलाभोवती पॅनलचे लोक, पलीकडे बँकेचे अधिकारी, अलीकडे आम्ही. अधिकारी म्हणाले 24 महिन्यांत संपवा. पॅनलवरच्या साहेबांनी आमचा खर्चाचा कागद वाचला, सासूबाईंच्या गोळ्यांवर बोट ठेवून थांबले, आणि बँकेला म्हणाले ह्यातनं कुठला आकडा कमी करू सांगा. तासाभराने 36 वर आले. मग तारीख, ते म्हणाले 5 तारीख, ह्यांचा पगार 10 ला होतो, आम्ही 12 मागितली. मग एक हप्ता चुकला की सगळी रक्कम एकदम, असं त्यांनी लिहिलं होतं, वकीलबाईंनी ते "सलग दोन हप्ते चुकल्यास" असं करून घेतलं. या दोन बारीक गोष्टी, तारीख आणि ते "सलग दोन", यांच्यावर आज आमचं घर शांत झोपतं. गेल्या मे महिन्यात फाउंड्री दहा दिवस बंद होती, हप्ता खरंच चुकला, पुढच्या महिन्यात दोन्ही भरले आणि काही झालं नाही.

लोकअदालतीतली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचायची, वाचता येत नसेल तर वाचून घ्यायची. 40 हजारांसाठी माझी भिशी लागली होती त्याचे 25 आणि कानातली मोडून 15. कानातली आईची होती. असो, पुन्हा होतील.

एक चूक आमच्याकडून झाली ती पण सांगते म्हणजे दुसऱ्याची होऊ नये. नोटीस आल्यावर पहिल्या आठवड्यात एक माणूस घरी आला, बँकेकडनं वसुलीला आलोय म्हणाला, आठ हजार द्या म्हणजे जप्ती थांबवतो. शेजारणीकडनं उसने घेऊन दिले. पावती नाही, काही नाही. पुढे कोर्टात सांगितलं तर वकीलबाई म्हणाल्या, कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवून घेतले नाहीत तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते मोजतच नाही, तसा नियमच आहे, आणि नोंदवायला लेखी पुरावा लागतो. ते आठ हजार गेले ते गेलेच. आता आम्ही हप्ता फक्त खात्यावर भरतो, स्लिपवर दरखास्तीचा नंबर लिहितो, त्याची झेरॉक्स काढून फाईलला लावतो कारण त्या स्लिपांची शाई सहा महिन्यांत उडते, आणि दर तीन महिन्यांनी वकीलबाई कोर्टात पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, देतात की एवढे जमा झाले. शेवटचा हप्ता झाला की सगळं फिटल्याची पुरसिस बँकेकडनं दाखल करून घ्यायची आणि बाकी नसल्याचा दाखला घ्यायचा, नाहीतर हुकूमनामा 12 वर्षं जिवंत असतो, उद्या कुणी फाईल उघडली तर पुन्हा धावपळ. कोर्टाच्या नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, चलनाने पैसे भरता येतात तो पण रस्ता आहे, समोरचा घ्यायला टाळाटाळ करत असेल तर तोच बरा. आणि मूळ कर्जदार मित्राकडनं आम्ही भरलेले पैसे मागायचा हक्क जामीनदाराला कायद्यानेच आहे, तो आता महिन्याला दोन हजार ह्यांना आणून देतो, कधी उशिरा पण देतो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हुकूमनामा झाल्यावर हप्ते मागायचा अर्ज करायला मुदत आहे 30 दिवसांची, आणि तेव्हाही ज्याला पैसे घ्यायचेत त्याची संमती लागते. एकतर्फी निकाल ज्याच्यावर झाला त्याला तर ते 30 दिवस कधी आले आणि गेले ते कळतच नाही. आम्हाला दोन वर्षांनी कळलं. म्हणजे बँक हो म्हणाली म्हणून आम्ही वाचलो, नाही म्हणाली असती तर पॅनलवरच्या साहेबांनी कितीही गोळ्या वाचल्या तरी उपयोग नव्हता.

आणि आपल्या महाराष्ट्रात हे आधी वेगळं होतं. वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा मला शाळेतलं सुप्याचं दंग्याचं प्रकरण आठवलं. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, कारण कोर्टाचे एकतर्फी हुकूमनामे घेऊन सावकार जमिनी ओढत होते. त्यानंतर इंग्रज सरकारने 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, आणि त्यात कोर्टाला अधिकार दिला की शेतकऱ्यावरच्या हुकूमनाम्याचे कधीही, दरखास्तीत सुद्धा, हप्ते पाडून द्यावेत, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये. परक्या सरकारला जे दीडशे वर्षांपूर्वी सुचलं ते आज फाउंड्रीतल्या कामगाराला, रिक्षावाल्याला, पापड लाटणाऱ्या बाईला का मिळू नये हे मला खरंच कळत नाही. ज्याचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या खाली आहे त्याचे हप्ते कोर्टाने त्याचा खर्च बघून स्वतः ठरवावेत, समोरच्याचं म्हणणं ऐकून पण त्याच्या हो-नाहीवर न ठेवता, एवढा बदल आमदार-खासदारांनी करून घ्यावा.

कायदा बदलायला वेळ लागेल हे समजतं. पण एक गोष्ट उद्यापासून होण्यासारखी आहे. दरखास्तीच्या नोटिशीबरोबर साध्या मराठीत एक कागद जोडा. तुम्हाला हप्ते मागता येतात, पगाराचा एवढाच भाग कापला जातो, भांडीकुंडी नेत नाहीत, फुकट वकील अमुक खोलीत मिळतो, लोकअदालतीची पुढची तारीख ही, आणि पैसे कुणाच्याही हातात रोख देऊ नका. एवढंच. आता सहा महिन्यांत दरखास्ती काढायच्या म्हटल्यावर तर हा कागद जास्तच लागणार, पूर्वी नोटीस आली तरी माणसाला सावरायला वर्ष-दोन वर्षं मिळायची, आता पहिल्या पंधरा दिवसांत योग्य माणसाकडे गेला तरच तो वाचेल. कोल्हापुरात ऑगस्ट 2025 मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, आम्ही पण साखर वाटली, पण आमच्यासारख्यांचं कोर्ट म्हणजे तालुक्याचं, ते बेलिफच्या पिशवीतल्या कागदापासून सुरू होतं.

आमचे आतापर्यंत 13 हप्ते झाले, 23 राहिले. तुम्ही ही माहिती छापली तर कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्या दादांनी कात्रण त्यांच्या काचेवर लावायचं कबूल केलंय, मी विचारून आलेय.

आपली,
एक वाचक भगिनी
जि. कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती, मुलाच्या शाळेत उगाच चर्चा नको.)